व्हिसाची फी माहेरची

लग्नानंतर तीन आठवड्यांनी नवरा इंग्लंडला परत गेला, आणि तेव्हापासून फोनवर आमचं बोलणं बहुतेक फीबद्दलच व्हायचं. टीबीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, अर्जाची फी आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आगाऊ भरायचा हेल्थ सरचार्ज. पहिल्या दोन्हींचे पैसे मी पगारातून भरले. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होते, दिवसभर पार्टची मापं तपासायची. उरलेल्या दोन रकमा मात्र माझ्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

"त्या तू भर ना," मी म्हणाले.

"व्हिसा कुणाचा आहे? तुझाच ना? लग्नात आम्ही काही मागितलं नाही, हे तुझ्या बाबांना सांग."

मी सांगितलं. तिथेच चुकले. बाबा लातूरकडून भोसरीत आले आणि तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर उभे राहिले. त्यांनी लगेच बँकेतली ठेव मोडली आणि नवऱ्याने सांगितलं तसे पैसे तळेगावला सासूबाईंच्या खात्यात टाकले. तो तिथून कार्डाने फी भरणार होता.

त्यानंतर दर रविवारी त्याचं एकच उत्तर. "प्रोसेसमध्ये आहे." अर्जाचा पासवर्ड त्याच्याकडे. टीबीचा दाखला सहाच महिने चालतो, याची आठवण करून दिली की म्हणायचा, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

मला खरंच नव्हता. पण तसं म्हणायला मी लाजत होते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसून मी पासवर्ड बदलून घेतला. अर्जाला ईमेल माझाच होता. अर्ज उघडला. सगळी पानं भरलेली, फक्त शेवटच्या पानावर फी भरायची बाकी. चार महिने तो अर्ज कुणाकडे गेलाच नव्हता. मी तिथूनच फोन लावला.

"गाडी घेतली मी," तो म्हणाला. आवाजात जराही ओशाळलेपणा नाही. "सेकंडहँड आहे. इथे गाडीशिवाय भागत नाही. आल्यावर तूच बसशील ना तिच्यात?"

"येऊ कशी? फी कोण भरणार?"

"बघू पुढच्या महिन्यात. नाहीतर बाबांना विचार."

मी हाफ डे टाकला आणि तडक तळेगाव गाठलं. सासूबाई दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"फीचे पैसे कुठं आहेत?"

"त्ये व्हय? लेकाला धाडले की. पोर तुमची परदेशी जानार, आन् खर्च आमी करायचा?"

"तुमच्या लेकाने त्या पैशांची गाडी घेतली."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांना ठाऊक होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्यांच्यासमोर ओट्यावरच बसले.

"पैसे मिळाल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

"आत ये. लोक बघत्यात."

"बघू देत."

शेजारीण दारात आली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, पलीकडच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात. सासूबाईंनी मेथी टाकून लेकाला व्हिडिओ कॉल लावला. तो माझ्यावर ओरडला, "आईचा तमाशा करतेस? व्हिसा विसर आता!"

"विसरले. पैसे टाक."

अर्धे पैसे त्या संध्याकाळी सासूबाईंच्या ठेवीतून आले. उरलेले महिन्याभराने, मी आणखी दोनदा त्याच ओट्यावर जाऊन बसल्यावर. पैसे बाबांच्या हातात दिले, तर ते म्हणाले, "आता तूच भर ती फी. झालं गेलं सोडून दे पोरी."

त्या दिवशी मी बाबांवरही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

टीबीच्या दाखल्याची मुदत संपली. मी नवी तपासणी केली नाही. वर्षभराने संमतीने घटस्फोट झाला. सहीसाठी तो स्वतः आला, विमानाचं तिकीट काढून. त्यासाठी पैसे होते त्याच्याकडे. सासूबाई कोर्टाबाहेर म्हणाल्या, "येवढ्याशा पैशापायी संसार मोडलास."

बाबा अजून कधी कधी म्हणतात, जरा घाईच केलीस. मग मी उठून आत जाते.