आठवं घुबड

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्मभर शिंपीकाम केलं, यशवंतपूरला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट तोंडानं सांगायला गेलो की लोक मान हलवतात आणि मनात म्हणतात, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. म्हणून लिहून ठेवतो. पटेल त्यानं वाचावं.

बायकोला पोस्टाच्या तिकिटांचा नाद होता. आमच्या दुकानाच्या वर परदेशी मसाले पाठवणाऱ्या एकाचं ऑफिस होतं. त्यांची रिकामी पाकिटं ती मागून आणायची, तिकिटाचा कोपरा कापून बशीतल्या पाण्यात टाकायची आणि सुटलेलं तिकीट धोतराच्या जुन्या तुकड्यावर उलटं वाळत घालायची. मी काजं करायला दिलेले शर्ट एका बाजूला पडलेले असायचे. शेवटी शेवटी तिला घुबडांचं वेड लागलं. कुठल्याशा बेटावरच्या देशानं आठ घुबडांची आठ तिकिटं काढली होती. सात तिनं मिळवली. आठव्याची जागा वहीत रिकामी होती.

मी म्हटलं, "घरात घुबडं काय आणून ठेवतेस? लोक काय म्हणतील?"

"लक्ष्मीचं वाहन आहे ते. ती तर तुमच्या घरी येत नाही. निदान गाडी तरी दारात उभी राहू दे."

असं बोलायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमच्या गल्लीत एका घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे निघालं. चार कॉम्प्युटर. चालवणारी बाई बेळगावकडची, लग्न होऊन इथं आलेली. आम्हाला अण्णा आणि अक्का म्हणायची. तिनंच बायकोला दाखवलं की विलायतेत एक दुकानदार कॉम्प्युटरवर तिकिटांचा लिलाव लावतो, महिना-सव्वा महिना चालतो, घरबसल्या बोली करता येते. पैशाची सोय झाली. माझ्या बहिणीचा मुलगा लंडनला नुकता नोकरीला लागला होता. तो तिकडे भरायचा, आम्ही इथं त्याच्या बापाच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या, हातात द्यायचो. बायकोनं दोन-तीनदा किरकोळ तिकिटं घेतली. लिलावात खरं नाव घालत नाहीत, टोपणनाव घालतात. हिनं घातलं अक्का आणि पुढे आमच्या घराचा नंबर.

मग त्या लिलावात आठवं घुबड आलं.

त्या लिलावाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रोज बसून बोली वाढवायची गरज नाही. एकदाच आपली हद्द सांगून ठेवायची. ती दुसऱ्या कोणाला दिसत नाही. समोरच्यानं बोली वाढवली की मशीन आपल्या वतीनं त्याच्या एक पायरी वर जातं. तो वाढवील तसं वाढवतं, हद्द येईपर्यंत. आपण झोपलेले असू, जेवत असू, मशीन बोलत राहतं.

बायको त्या दिवशी हौसेनं म्हणाली, आज आकडा मीच टाकते. सायबरवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली होती. हिनं एका बोटानं हद्द टाकली, पंधराशे. घरी आल्यावर मला म्हणाली, "पंधराशेपर्यंत जाईन. त्यावर एक रुपया नाही."

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी चहा गाळताना खाली बसली ती उठलीच नाही.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे झाडावर भरपूर होते, एक खाली येईना. तास गेला. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मेहुणा म्हणाला, "आम्ही तुमच्या नवऱ्याला अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. तिच्या बहिणीच्या नातीचं लग्न बोलून झालं, काशी बोलून झाली. मला ऊन लागत होतं, रागही आला होता. मी पुढे होऊन म्हटलं, "ते घुबडाचं तिकीट मी आणीन. आणतोच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कावळा उतरला आणि शिवला.

आमच्यात हे वचन म्हणजे वचन असतं. जिवंत माणसाची समजूत घालता येते, मेलेल्याची नाही. तेरावा झाल्यावर मी दुपारी सायबरला गेलो, तिकिटाचं काय झालं ते विचारायला. बाईनं कॉम्प्युटरवरून इंटरनेटचा फोन लावला. मशीन नेहमीसारखं किंचाळलं. मग पान वरून खाली ओळी-ओळीनं यायला लागलं, आणि बाई पडद्याजवळ वाकली.

"अण्णा, अक्काची बोली चालू आहे."

"म्हणजे?"

"वाढतीय. कालसुद्धा वाढलीय."

तिनं यादी वाचून दाखवली. कोणीतरी एक माणूस त्या तिकिटामागे लागला होता. त्याची बोली, आणि त्याच मिनिटाला तिच्यावर अक्काची. पुन्हा त्याची, पुन्हा अक्काची. तारखा बघितल्या, आपल्याकडची वेळ लावून बघितली. एक बोली होती दुपारी एक वाजून दहा मिनिटांची. त्या दिवशी त्या वेळी आम्ही तिला घराबाहेर काढत होतो. आम्ही खांदा देतोय आणि ती तिकडे म्हणतेय, एक्केचाळीस.

हे मशीनचं काम, एवढं मला कळत होतं. मूर्ख नाही मी. तरी मानेवर काटा आला तो आला.

मग बाईनं हद्द उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. "अण्णा, हे पौंड आहेत. अक्कांनी रुपये समजून टाकलंय." त्या वेळी पौंड सत्तर रुपयांच्या आसपास होता. बायकोच्या मनात होते एकवीस पौंड. मशीनला तिनं सांगितले होते पंधराशे. म्हणजे लाखाच्या वर. लिलाव संपायला अजून बारा दिवस होते.

"पत्र पाठवून चूक कळवूया की," बाई म्हणाली.

मी म्हटलं, "उद्या."

का म्हटलं ते सांगतो. एक तर वचन. चुकीची का होईना, तीच बोली ते तिकीट धरून होती. आणि दुसरं, ते कबूल करायला लाज वाटते, मला ती बोलताना बघायची होती. दुसऱ्या दिवशी जेवून पुन्हा गेलो. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे दोन स्टुलं असायची, एक तिचं, एक माझं. एका पोरीनं मैत्रिणीसाठी ते दुसरं स्टूल ओढायला घेतलं, तर बाईच म्हणाली, "ते असू दे." का म्हणाली, मी विचारलं नाही. तीन वाजता त्या माणसानं बोली वाढवली. बाईनं पान पुन्हा मागवलं. आधी त्याची ओळ आली. तिच्या डोक्यावर अक्काची. मिनिट तेच.

मग रोज जायला लागलो. दुकानाला जेवणाची सुट्टी म्हणून पाटी लावायची आणि तिथं जाऊन बसायचं. साठ झाले, पंच्याण्णव झाले, एकशे दहा. तो माणूस कधी दिवसभर गप्प राहायचा, तेव्हा तीही गप्प. तो बोलला की ती लगेच. छत्तीस वर्षांत मी एक बोललो आणि हिनं उलट उत्तर दिलं नाही असं झालं नव्हतं. एका दुपारी लाईट गेली, पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत मला दोन स्टुलं दिसली. दोन्हींवर कोणीतरी होतं. लाईट आली तेव्हा सायबरवाली माझ्या मागे उभी होती. म्हटलं, तीच दिसली असेल. तिला विचारलं. ती म्हणाली, मी तर आत्ता आतून आले.

आठव्या दिवशी मेहुणा दुकानात आला. मापाची टेप माझ्या गळ्यात होती, गिऱ्हाईक समोर होतं. तरी तो बोललाच. "पोराचा फोन होता. त्या लिलाववाल्यांनी त्याला कळवलंय, दीडशे पौंड झाले म्हणून. तो विचारतो, मामी वारल्या ना? मग हे कोण करतंय?"

मी गिऱ्हाइकाचं माप वहीत मांडत राहिलो.

"नवी नोकरी आहे त्याची. भाड्याच्या खोलीत राहतो. हे त्याच्या गळ्यात पडलं तर?"

त्याचं बरोबर होतं. तिला हे कळलं असतं तर तिनंच मला फाडून खाल्लं असतं. भाच्यावर तिचा जीव होता. मेहुणा गेल्यावर मी टेप काढली आणि सरळ सायबरला गेलो.

पत्र मी सांगितलं, बाईनं इंग्रजीत लिहिलं. मी सांगितलं ते एवढंच: बोली करणारी माझी बायको, ती वारली. तिनं पौंडांच्या जागी रुपये लिहिले. तिला एवढं म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुःख वाटलं असं लिहून त्यांनी विचारलं होतं, बोली रद्द करायची की दुरुस्त? रद्द केली तर यादीतून नाव निघून जाईल, जणू ती बोली कधी झालीच नव्हती. दुरुस्त केली तर खऱ्या हद्दीपर्यंतची बोली राहील.

बाई म्हणाली, "दोन्ही एकच, अण्णा. तिकीट काही मिळत नाही. रद्द करून सोडूया, सुटलो."

"एकच कसं? ती लिलावात उतरली होती. एकवीसला उतरली होती. तेवढं लिही."

"मग वचनाचं? तुमच्या नावानं वेगळी बोली टाकू?"

हे माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं. पण तो माणूस एकशे अठ्ठेचाळीसपर्यंत आलेला मी डोळ्यांनी बघितला होता. त्याच्यावर जायचं तर शिलाईचं मशीन विकावं लागलं असतं. आणि त्याच्याआधी बायकोच्या बोलीवर माझी बोली चढवावी लागली असती. मी नाही म्हटलं.

दुरुस्ती झाली तेव्हा मी तिथंच होतो. पान आलं. चढत गेलेल्या सगळ्या ओळी नाहीशा झाल्या होत्या. राहिल्या दोन. वर तो माणूस, बावीस. खाली अक्का, एकवीस. आणि तिच्या ओळीपुढे वेळ होती त्याच दुपारची, दहा मिनिटांपूर्वीची. बाई म्हणाली, दुरुस्त केलं की मशीन नवी वेळ घालतं. घालत असेल. मला दिसलं ते असं, की माझी बायको दहा मिनिटांपूर्वी एकवीस म्हणाली आणि थांबली.

उरलेले दिवसही मी गेलो. ती पुन्हा बोलली नाही. बावीसला तिकीट त्या माणसाला गेलं.

वचन मोडलं. नदीवर दिलेलं वचन मी मोडलं, हे मेहुण्यालाही मी आजवर बोललो नाही. त्यानंतर पंधरा-वीस दिवस मला घरात बसवेना. ताट वाढून घेतलं की वाटायचं, कोणीतरी विचारायचं थांबलंय. एका रविवारी दिवसाढवळ्या मी उंबऱ्याशी बसून एका सदऱ्याची कॉलर उसवत होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, साधा, रोजचा:

"कितीला गेलं?"

मी वर बघितलं नाही. बावीस पौंडांचा रुपयांत हिशोब मनात तयार होता.

म्हटलं, "पंधराशे चाळीस."

आतून काही आलं नाही. ती विचार करताना थांबायची तेवढा वेळ मी थांबलो. मग त्याहून जास्त थांबलो. कॉलर अर्धी उसवलेली माझ्या हातात होती. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, "चाळीस रुपयांनी हुकलं गं."