विमानटेलरची ओळखवही

गिऱ्हाईकाच्या गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबती ठेवून रस्त्यावर पळणारा शिंपी मी वरोऱ्यातच पाहिला, पुन्हा कुठे नाही. आभाळात घरघर झाली की रज्जाकभाईंची कात्री कापडात अर्ध्यावर थांबे. ते बाहेर येत, कपाळावर हाताचा आडोसा धरत आणि विमान दिसेनासं होईपर्यंत जागचे हलत नसत. अशाच एका विमानापायी माझ्या पोलक्याची एक बाही दोन बोटं आखूड झाली. मी तोंड फुगवलं, तर म्हणाले, "बाई, बाही दुसरी लावून देतो. गेलेलं विमान कुठी पकडू?" गाव त्यांना विमानटेलर म्हणे, आणि त्यांना ते आवडे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आसामात एका विमानतळावर कामाला होते. विमानाच्या शेपटीचे जे भाग हलतात, त्यांवर कापड ताणून शिवायचं, हे त्यांचं काम. गावात कुणाला हे पटत नसे. "लोकाईले वाटते, सारं लोखंडच. डाकोटाच्या शेपटीले कापड असते बाई. म्या सोता शिवलं," असं सांगताना त्यांची मान ताठ होई. तिथून त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, हिवताप आणि एक वही. वहीची पानं जाड कापडाची. त्यांवर कोटाच्या काळ्या अस्तरातून कातरलेली विमानं शिवलेली होती, जमिनीवरून दिसतात तशी.

लढाई संपली, विमानं बदलत गेली, पण रज्जाकभाईंनी वही शिळी होऊ दिली नाही. त्यांचा भाचा नागपूरच्या विमानतळावर चहा विकायचा. नवं काही उतरलं की तो कागदावर त्याचा आकार काढी, इंजिनं किती, खिडक्या किती ते लिही आणि रेल्वेच्या गार्डाच्या हाती पाठवून देई. तो कागद आला तरी लगेच सुई निघत नसे. विमान आधी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि नुसतं दिसूनही भागत नसे, कागदही हवा. "डोळा आन कागद, दोन्ही जुळले तरच टाका," हा त्यांचा नेम. जुनं पान ते उसवत नसत. नवं कापड त्यावर एकाच कडेनं शिवत, म्हणजे उचललं की खाली जुनं विमान दिसे.

मी एकदा हसले या कडकपणाला. ते हसले नाहीत. "लढाईत एकानं घाईनं ओळखलं बाई. आपल्याच विमानावर बंदूक चालली. त्याच्या शेपटीले माह्या हातचं कापड होतं." त्यानंतर मी त्या नेमाची थट्टा केली नाही.

थट्टा न करण्याचं माझंही एक कारण होतं. मी त्यांच्या दुकानासमोरच्याच मुलींच्या शाळेत शिकवत होते. आईवडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि दादा. दादा माल नेणाऱ्या एका दोन इंजिनांच्या डाकोटा विमानावर वायरलेस सांभाळायचा. दर मंगळवारी दुपारी त्याचं विमान नागपुराहून मद्रासला आमच्या डोक्यावरून जाई. मी शाळेच्या पटांगणात पांढरी चादर घेऊन उभी राही. रज्जाकभाई रस्त्यातून ओरडत, "आपलाच हाये बाई! हलवा!" मग मी चादर हलवी. इतक्या उंचावरून दादाला ती खरंच दिसे की तो माझं मन राखायला पत्रात तसं लिही, कोण जाणे. मला मात्र आठवडाभर तेवढं पुरे.

श्रावणातल्या एका मंगळवारी ढग फाटले होते आणि वेळेवर घरघर आली. आवाज जाड होता. मी चादर उलगडली. रज्जाकभाई बराच वेळ वर पाहत राहिले. चार इंजिनं होती. "हलवू का?" मी विचारलं. "थांबा बाई. हा आपला नाई. आपला मांगून येते. परक्याले चादर कायले दाखवता?" मी चादर घडी करून काखेत धरली. विमान मूल गावाच्या बाजूला ढगात शिरलं. डाकोटा काही आला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघंही वाट पाहत होतो.

गुरुवारी दोन कागद आले. एक भाच्याचा, चार इंजिनांच्या चित्रासकट. दुसरा दादाचा, उशिरा पोचलेला. त्यात त्यानं लिहिलं होतं, "आमचं विमान बदललं. या मंगळवारी नव्या विमानातून शेवटची फेरी, मग मला आफ्रिकेत पाठवताहेत, चादर जरा जोरात हलव." रज्जाकभाईंना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "काऊन थांबवलं म्या तुमाले? हलवली असती तं काय बिघडत होतं?"

मी रागावले होते, हे खरं. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानाकडे पाहिलं नाही, त्यांच्याशी बोललेही नाही. दादा दोन वर्षांनी तिकडेच तापानं गेला. आजही सगळ्यात जास्त सलते ती काखेतली घडी केलेली चादर.

बातमी कळल्यावर रज्जाकभाई शाळेत आले, वही घेऊन. चार इंजिनांचं पान त्यांनी शिवलं होतं आणि खाली पांढऱ्या दोऱ्यानं चादरीसारखा एवढासा चौकोन भरला होता. "वहीचा नेम वहीपुरता, बाई," एवढंच बोलले. त्यानंतर कोणतंही विमान आलं की ते आधी हात हलवत, मग ओळखत. आमचा अबोला तिथे संपला.

पुढल्या वर्षी माझी बदली एटापल्लीला झाली. सकाळच्या मोटारीपाशी ते पोचवायला आले, टेप गळ्यात तशीच. मोटार सुरू झाली आणि वर घरघर आली. आवाज मलाही कळला, डाकोटा होता. खिडकीतून मी वर बोट दाखवलं.

रज्जाकभाईंनी वर पाहिलं नाही. मोटार वळेपर्यंत ते माझ्याकडे बघत हात हलवत राहिले.