डीलियाच्या घरचा पॅट्रिक

डीलिया कॅफर्कीला शांत बसलेली पाहिलंय असं सांगणारा माणूस ड्रमकीलमध्ये मिळायचा नाही. झोपेत असेल शांत, पण झोपेत तिला पाहणारा एकटा ऑस्टी, तिचा नवरा, आणि तो वर्षातले दहा महिने तिकडं इंग्लंडात बोगदे खणत असायचा. म्हणजे साक्षीला कुणीच नाही.

बाई उंच, हाडापेरानं जाड, पायात ऑस्टीचे जुने बूट. दोन गाई, थोड्या कोंबड्या, आणि बारा महिने पाणी धरून बसणारी डोंगराच्या पोटातली जमीन. मेयो परगण्याच्या त्या बाजूला पाऊस नसतो तेव्हा तो यायचा असतो, इतकंच. गाय अडली की डीलिया बाही वर सारून कोपरापर्यंत हात घालायची आणि वासरू ओढून काढायची; बाहेर काढल्यावर गाईलाही दोन शिव्या आणि वासरालाही. पण तिच्या रागाला कारण असायचं. बाजारात व्यापाऱ्यानं लंगड्या पॅकीचा बैल भाव पाडून मागितला तेव्हा ती मध्ये पडली होती. बैल तिचा नव्हता, पॅकी गॉन तिचा कुणी नव्हता. नुसता शेजारी, एकटा जीव. तरी ती व्यापाऱ्याला असं काही बोलली की तो माणूस पुढच्या बाजाराला दुसऱ्या गल्लीत उभा राहिला.

पोरं तीन. सबीना थोरली, तिचं त्या वर्षी दृढीकरण व्हायचं होतं. बिशप येऊन कपाळाला तेल लावणार, पांढरा झगा मावशीकडून आला होता. मधला फेस्टी, नाकात बोट आणि खिशात बेडूक. धाकटी ऑनी, अजून शाळेत रडणारी.

बाप घरी नाही, म्हणून सण अर्धा करायचा हे डीलियाला मान्य नव्हतं. देशाचा संत पॅट्रिक, त्याचा सण तर ती कुणासाठी कमी करायची नाही. आदल्या संध्याकाळी टेबलावर कागद पसरायचा आणि पोरांनी छातीला लावायचे क्रूस रंगवायचे. रंग दुकानातून आणायचा नाही. पिवळ्याला अंड्याचा बलक, निळ्याला कपड्यांची नीळ, हिरव्याला गवत. गवत चावून चावून त्याचा रस कागदावर थुंकायचा, हे काम फेस्टीचं. तिची आई असंच करायची, आजीपण असंच. सकाळी ओढ्याकाठचा तीन पानांचा शॅमरॉक खुडून कोटाला लावायचा, देवळात मिस्साच्या प्रार्थनेला जायचं, आणि घरी आल्यावर बरणी उघडायची.

बरणी म्हणजे पोरांच्या जिवाचा तुकडा. राखेच्या बुधवारपासून मोठा उपास लागतो. थोरली माणसं दारू सोडतात, तंबाखू सोडतात, निदान तसं म्हणतात तरी. पोरं गोळ्या सोडतात. कुणी लिमलेट दिलं, लवंगेची गोळी दिली, टॉफी दिली, की ती तोंडात नाही, बरणीत. बरणी कपाटाच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. उपासाच्या ऐन मध्यात पॅट्रिक येतो आणि त्या एका दिवशी उपास सुटतो. पुरुष गुत्त्यात सोडतात, पोरं बरणीत. दुसऱ्या दिवसापासून परत उपास. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण हे न मानणारं घर त्या डोंगरावर नव्हतं.

त्या वर्षी थोरले फादर छातीच्या दुखण्यानं गॉलवेच्या इस्पितळात पडले होते आणि देऊळ धाकट्या फादर टूहीच्या हातात आलं होतं. हा माणूस शहरातला. हात मऊ, आवाज मोठा. पॅट्रिकच्या आदल्या रविवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, की उपास मध्येच सोडणं म्हणजे देवाला दिलेली वस्तू परत मागणं. तेव्हा या पॅट्रिकला सगळ्या मुलांनी आपापल्या गोळ्या त्याच्याकडे आणून द्याव्यात. त्या आफ्रिकेत मिशनच्या गरीब मुलांना जातील. "आणि ज्यांचं यंदा दृढीकरण आहे," तो म्हणाला, "त्यांच्याकडे माझं विशेष लक्ष राहील."

बाकावर डीलियानं नाकातून असा आवाज काढला की पुढची बाई वळली.

बाहेर पडल्यावर तिनं पॅकीला गाठलं. "पॅकी, टॉफी आफ्रिकेला कशी जाती रं?"

"बोटीनं जात असंल."

"आन् तिकडच्या उन्हात?"

पॅकीनं टोपी मागं सारून विचार केला. "पातळ हुईल. मग पीत असतील."

"तुझ्या डोस्क्याचं पातळ झालंय. मला सांग, ह्या डोंगरावर पोरांच्या बरणीला हात लावल्याला पाद्री तू बघितलाय?"

"मी तर पाद्र्यानं कुणाला काय दिल्यालं बी बघितलं न्हाई," पॅकी म्हणाला आणि लंगडत गुत्त्याच्या दिशेनं गेला.

घरी येऊन डीलियानं हुकूम सोडला. बरणी जागची हलणार नाही. फेस्टी खूश झाला. सबीना मात्र भिंतीला टेकून उभी राहिली, तोंड पांढरंफटक.

"मॅमी, मला दिलीच पायजे."

"कशापायी?"

"फादर धर्माच्या पुस्तकाची परीक्षा घेणार हायत. सगळ्या पोरींम्होरं माझं नाव वगळतील."

"वगळू दे की. बघते मी."

"तू बघशील," सबीना रडत म्हणाली, "पण उभं मला ऱ्हायचंय."

 डीलियानं केतली उगाच उचलली, उगाच ठेवली. मग कपाटावरची बरणी काढून पोरीच्या हातात दिली. "ने. पर एक ध्येनात ठेव. मी दिली न्हाई. त्यांनी नेली."

पॅट्रिकच्या दिवशी क्रूस छातीला, शॅमरॉक कोटाला, मिस्सा झाली. घरी येऊन तिघंही सवयीनं कपाटाकडं बघत उभी राहिली. वर बरणीच्या बुडाचा गोल तेवढा धुळीत राहिला होता. डीलियानं डुकराचं मांस आणि कोबी शिजत ठेवला होता, मनुकांचा पाव केला होता, लोणी हात सैल सोडून लावलं होतं. पोरांनी पावाला दुसऱ्यांदा हात लावला नाही.

"आफ्रिकेतल्या पोरांनी आता उघडली असंल का?" ऑनीनं विचारलं.

"जेव गप."

दुपारी पाद्र्याच्या घरून निरोप आला. स्वयंपाक बघणाऱ्या मिस प्रेंडरगास्टला अंडी हवी होती, फादरांकडे पाहुणे आलेत, पुडिंग करायचंय. सणाच्या दिवशी कुणाच्या दारात अंडी पोचवायची म्हणजे डीलियाच्या कपाळाला आठी पडायचीच, पण ती टोपली घेऊन निघाली. फेस्टीला बरोबर घेतलं.

मागच्या दारानं आत शिरली तर मोरीशेजारच्या खिडकीत बरण्या. धुतलेल्या, पालथ्या, ओळीनं. त्यात एक तिची. काठाला तिनंच दोरा बांधला होता, निळा.

"ह्या बरण्या?"

"मार्मलेडला होतील," मिस प्रेंडरगास्ट म्हणाली. "चांगल्या काचेच्या आहेत, वाया कशाला घालवायच्या."

"आन् आतलं?"

मिस प्रेंडरगास्टनं एकदम अंडी मोजायला घेतली.

तोवर फेस्टी जेवणघराच्या उघड्या दारात जाऊन उभा राहिला होता. आत टूही आणि त्याचे दोन मित्र, दोघंही पाद्री. टेबलावर कापलेला हंस, वाइन, आणि मधोमध काचेचा मोठा वाडगा, गोळ्यांनी काठोकाठ भरलेला. जाड्या पाहुण्याचा एक गाल फुगला होता.

"मॅमी," फेस्टी म्हणाला, "ह्या फादरच्या तोंडात माझी गोळी हाय."

जाडा हसला. "कशावरून रे तुझी?"

"कागद माझ्या वहीचा हाय. मूळचा फाटला. मी रोज राती ती चाटायचो आन् परत गुंडाळून ठेवायचो."

"रोज?"

"राखेच्या बुधवारपासनं."

जाड्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं रुमाल तोंडाशी नेला. दुसरा पाहुणा खोकू लागला, पण तो खोकला नव्हता. डीलिया मात्र हसली नाही. पुढं कितीतरी वर्षं लोक हसण्यासाठी तिला हा प्रसंग सांगायला लावायचे, तेव्हाही ती हसली नाही.

टूही उठून उभा राहिला. "मिसेस कॅफर्की, तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. या वस्तू टपालानं जात नाहीत, हे मला नंतर कळलं. त्याऐवजी मी मिशनला पैसे पाठवणार आहे."

"पाठवणार हाय का पाठवलं?"

टूहीनं पाहुण्यांकडं पाहिलं.

"पाठवलं न्हाई," डीलिया म्हणाली. "बरं. आन् हा हंस? आमच्या पोरांनी आज एक टॉफी खाल्ली आसती तर देव रुसणार हुता. हंसाला रुसत न्हाई व्हय?"

"आज सण आहे."

"त्येच म्हणते मी. आज सण हाय. तुमच्या घरी हाय आन् आमच्या घरी न्हाई, आसं कुठल्या पॅट्रिकनं सांगितलं?"

"तुम्ही कुणाशी बोलताय याचं भान ठेवा. देवाला दिलेली वस्तू..."

"देवाला पोचली आसती तर मागितली नसती." तिनं कमरेचा एप्रन दोन्ही हातांनी पसरला आणि वाडगा त्यात पालथा केला. मग फडताळ उघडलं. तिथं कागदी पिशवीत उरलेल्या होत्या, त्याही ओतल्या. "पोरांच्या तोंडचं काढून पाव्हण्यांची सरबराई करायची, आन् वर आफ्रिकेचं नाव. त्या पोरांना तरी कशाला मधी घातलं? त्यांनी तुमचं काय खाल्लंय?"

"सबीनाचं दृढीकरण आहे यंदा," टूही हळू आवाजात म्हणाला. "विसरू नका."

"न्हाई इसरत," डीलिया म्हणाली. "तुमी बी इसरू नका." जाता जाता खिडकीतली तिची बरणी तिनं उचलली. अंडी तिथंच ठेवली, कारण दिलेलं परत घ्यायची तिला सवय नव्हती.

फेस्टी पुढं पळत सुटला, घरोघर ओरडत. संध्याकाळ व्हायच्या आत डोंगरावरची सगळी पोरं डीलियाच्या स्वयंपाकघरात. कुणाची कुठली गोळी हे आता कुणालाच सांगता येईना, म्हणून सगळ्या टेबलावर ओतल्या. चुलीत टर्फची, वाळवलेल्या दलदलीच्या मातीची ढेकळं रसरसली होती. पोरं ओरडत होती, चोखत होती, एकमेकांच्या जिभांचे रंग बघत होती. पॅकी दारात येऊन टेकला आणि त्यानं एक पेपरमिंट उचललं. "पोप आला तरी ह्ये न्हाई सोडायचं," म्हणाला.

सबीना तेवढी खुर्चीत हात मांडीखाली घालून बसली होती.

"खा की."

"नको."

"अगं, तुझीच हाय."

"त्यांना कळंल," सबीना म्हणाली.

डीलियाचा इतका वेळचा राग म्हणजे काहीच नव्हता, असा राग तिला तेव्हा आला. पोरीचा जबडा आवळलेला, डोळे दाराकडं. तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या चुलीपुढं, तिची पोर एका टॉफीला भीत होती. गोळ्या तिनं एप्रनमध्ये घालून आणल्या होत्या. पोरीच्या मनातली हिंमत कशी परत आणायची ते तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात शाळेत परीक्षा होती. डीलिया गाईच्या धारा काढून तशीच गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. बाक लहान मुलांचा. गुडघे हनुवटीला लागत होते. मास्तरीणबाईंनी एकदा पाहिलं आणि नजर खडूकडं वळवली. टूही पुस्तक हातात धरून एकेकीला उठवत होता. कुणाला दोन प्रश्न, कुणाला तीन. एकीला आलं नाही तर कान धरला. सबीनाची पाळी आली. ती उभी राहिली. टूहीनं मागच्या बाकाकडं पाहिलं, पुस्तकाचं पान उलटलं.

"बस. तू पास. पुढची."

पोर उभीच राहिली. तिला कळेना बसायचं का नाही.

"तिला इचारा," मागून आवाज आला.

"मिसेस कॅफर्की, मी तिला पास केलंय."

"न इचारता कसं केलं? हिवाळाभर पोर ते पुस्तक पाठ करतीया. धारा काढताना मोठ्यानं म्हणती. माझी गाय बी तुमच्या परीक्षेत पास हुईल. तिला इचारा."

पोरी तोंडावर हात धरून हसू लागल्या. सबीना कानापर्यंत लाल झाली. टूहीनं मग शोधून शोधून लांबलचक प्रश्न काढला, जो त्यानं कुणालाच विचारला नव्हता. सबीनाचा आवाज सुरुवातीला कापला. अर्ध्यात सरळ झाला. त्यानं दुसरा विचारला, तिनं तो संपायच्या आत उत्तर दिलं. तिसरा विचारला. त्याचंही दिलं, आणि उत्तर संपल्यावर पुस्तकातलं पुढचं उत्तरही, न विचारता, घडाघडा म्हणून टाकलं. टूही पुस्तकात बघत राहिला. तिच्याकडं बघून "शाबास" म्हणायला त्याचं काय जात होतं, ते डीलियाला शेवटपर्यंत समजलं नाही. तो फक्त म्हणाला, "ठीक आहे."

बाहेर बारीक पाऊस लागला होता. सबीना आईची वाट न बघता पुढं निघाली, डबक्यातून बूट आपटत.

"अगं थांब की."

"तू कशाला आलीस? सगळ्या हसल्या मला. गाय बी म्हणं पास हुईल."

"मग? हुईलच की."

"आन् त्यांनी तरी पहिल्यांदा का वगळलं मला?" सबीना वळली. तिच्या भुवया जुळल्या होत्या, हनुवटी पुढं आली होती, मुठी आवळल्या होत्या. "मला येत हुतं. सगळ्यांच्या आधी येत हुतं. मला का न्हाई इचारलं त्यांनी?"

"त्यास्नी इचार."

"इचारीन," पोर म्हणाली आणि पुन्हा पुढं चालू लागली.  डीलिया मागून चालत होती, आणि पोरीच्या त्या रागीट पाठीकडं बघता बघता तिला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास आला.