भरड

नळाला टांगलेल्या फडक्यातून एक थेंब उतरेना. बिअरसाठी जवाचं गोड पाणी गाळायचं होतं, पण पिठाची नुसती खळ झाली होती. गिरणीवाल्या काकांनी "कशासाठी?" विचारलं, तेव्हा लाजून मी "भाकरीला" म्हणाले होते. मोड आणून वाळवलेले जव त्यांनी बारीक दळून दिले.

आई म्हणाली, "बाटली दुकानात मिळते की."

"पापडही मिळतात. तू का लाटतेस?"

फडकं पिळताना वाटलं, जे आपल्या हातांनी करायचं, त्याचं नाव आपल्या तोंडानं घ्यायला काय हरकत आहे? भाकरी म्हटलं, भाकरीचं पीठ मिळालं.

आज गिरणीत रांग होती. काकांनी पुन्हा विचारलं. मागच्या बाईलाही ऐकू जाईल असं मी सांगितलं, "बिअर करायचीय. भरड काढा."