भुताच्या झग्याला काज

चाचा माणसाची शिवण आधी बघायचे, तोंड नंतर. अकोल्यात शिकायला आलो तेव्हा त्यांच्या टेलरिंगच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पँट न्याहाळली. "हे थिगळ कोनं लावलं साहेब? खिळे ठोकले काय?" आईने लावलं होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी पँट मागून घेतली आणि संध्याकाळी परत दिली तेव्हा थिगळ मलाच सापडेना. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्याच पँटीत पदवीधर झाला.

दुकान एका कॉन्व्हेंटच्या गणवेशांवर चालायचं. एका ऑक्टोबरात तिथल्या मॅडमनी हॅलोविनसाठी पहिलीच्या मुलांचे भुताचे काळे झगे सांगितले. "भुताचं माप कसं घेऊ?" चाचांनी मला विचारलं. मी मित्राचा लॅपटॉप आणून दुपारी कटिंगच्या टेबलावर एक भुताचा सिनेमा लावला. त्यात बाहुल्या होत्या. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, असं मी समजावलं. चाचा खूश झाले. "म्हंजे आपल्यासारखंच. टाक्यामागं टाका."

सांगाडा थडग्यातून उठला तेव्हा मी दचकलो. चाचा म्हणाले, "थांबव. बाही पाय. बोटाएवढी बाही, अन् थिगळाले आतून टीप." ते दर दोन मिनिटांनी थांबवायला लावत. दीड तासाच्या सिनेमाला तीन दुपारी लागल्या. भीती वाटत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "याची काहून भीती? आपल्याकडची भुतं पीक बुडालं का पांढऱ्या गाडीत येतात. वावर पायतात, फोटो काढतात, जातात. मंग दिसत नाईत." स्वतःच पोट धरून हसले आणि सिनेमा संपल्यावर म्हणाले, "यातलं एकबी भूत फाटकं नाय. समदे दुरुस्त केलेले हायेत."

चाचांनी झगे इस्त्री करून पाठवले. झगे परत आले. मॅडमचा निरोप होता, भुतं नवरदेवासारखी दिसतात, झगे फाडून द्या.

नापिकीच्या त्या वर्षांत खेड्यांतून लोक गुडघ्यावर विरलेल्या पँटी घेऊन दुकानात येत. चाचा तो गठ्ठा दाखवत म्हणाले, "ज्याच्या वावरात कापूस होते तो थिगळ लावाले येते. अन् या पोराईले नवं कापड फाडून पायजे."

"चाचा, फाडून टाका. गणवेशाचं काम जाईल," मी म्हणालो.

"मारतो ना कैची. मालकीन म्हनते तर मारतोच."

त्यांनी कात्री मारली. आणि मग दोन दिवस बसून प्रत्येक भोकाला काठाभोवती दोरा गुंफून काज केलं. कापड उसवू नये म्हणून. कार्यक्रमात भुतं मैदानभर धावली, पडली, लोळली, पण एक भोक वाढलं नाही. कुणा पालकाने मॅडमना विचारलं म्हणे, याची बटणं कुठे आहेत?

जूनमध्ये शाळेचे गणवेश रेडीमेड आले, चाचांचं काम गेलं. सिनेमा मी दाखवला होता, म्हणून मी माफी मागितली. चाचा उशांचे अभ्रे शिवत होते. "सिनेमा झकास होता साहेब. मॅडमले दाखवाले पायजे होता."

चाचा आता नाहीत. यंदा माझ्या मुलीच्या शाळेत भुतांचा दिवस होता. बाजारातून फाटका झगा आणला, तो एका धुण्यात पार उसवला. तिला तोच हवा होता. मी तो जुना सिनेमा लावून तिला सांगाड्याच्या बाहीचं थिगळ दाखवलं आणि सुई घेऊन शेजारी बसलो. काज मला येत नाही. माझे टाके आईसारखेच पडले, खिळे ठोकल्यासारखे.