स्कोअर सोडून सगळं आठवतं

बेसबॉलची मॅच बघून आलो असं सोमवारी ऑफिसात सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोण जिंकलं?" आणि माझी पंचाईत व्हायची. ते मला कधीच आठवत नसे. संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारावं, तर तोही छताकडे बघत बसायचा.

आठवायचं ते भलतंच. दह्याचे रिकामे डबे जसे आपल्या घरात साठतात ना, तसे हे किस्से साठत गेले. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण टाकून द्यायला हातही उचलत नाही. परवा देशमुखांकडे जेवायला बसलो आणि एक डबा उघडला, तर त्यात दुसरा निघाला, दुसऱ्यात तिसरा!

तेव्हा आम्ही अमेरिकेत, श्रूजबरी नावाच्या गावात राहत होतो. संजय, मी, आमची ऋचा आणि दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येणारे माझे सासरे, आबा. सासूबाई गेल्यापासून आबांना तिकडे फार एकटं पडू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. आमच्या मागच्याच रस्त्यावर नागपूरचे प्रकाश आणि वैशाली देशमुख. आणि जवळच वूस्टरला, एका कॉलेजच्या मैदानावर, मायनर लीगची, म्हणजे दुय्यम फळीतल्या पगारी खेळाडूंची, एक टीम खेळायची. लाकडी बाकं, हाकेच्या अंतरावर खेळाडू, आणि पार्किंगची मारामारी नाही. आम्हाला ते फार मानवलं.

*

पहिल्यांदा तिकिटं आणली प्रकाशनं. "मायनर लीगची मॅच आहे, सगळे जाऊ," एवढंच त्यानं घरी सांगितलं.

वैशाली वकिलाची मुलगी. मायनर म्हणजे अठराच्या आतला, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. ती समजली, शाळकरी पोरांची मॅच आहे. बिचारी पोरं उन्हात दमतील, म्हणून तिनं घरून संत्र्याच्या फोडी करून पिशव्या भरून आणल्या!

मैदानावर आलो तर कुंपणाशी साडेसहा फुटी, दाढीवाला एक गडी सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा. त्याचा एकेक दंड आमच्या ऋचाच्या कमरेएवढा.

"हा मायनर?" वैशाली किंचाळली. "अरे, याला तर स्वतःची दोन पोरं असतील!"

आम्ही हसून लोटपोट झालो. पण वैशाली ती वैशालीच. आणलेलं परत कशाला न्यायचं, म्हणून तिनं कुंपणावरून एक पिशवी पुढे केली. गड्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तिथंच उभ्या उभ्या सगळ्या फोडी संपवल्या. "थँक यू, मॅम," म्हणाला आणि बाहीला तोंड पुसून धावत मैदानात गेला.

वैशाली त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मायनरच आहे रे."

*

पुढच्या सीझनला गेटवर बॅगा तपासायला लागले. वैशालीच्या बॅगेत मसालेभाताचं पातेलं, पुऱ्या आणि काकडीची कोशिंबीर. गेटवरचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "सॉरी, नो आउटसाइड फूड."

"काही हरकत नाही," वैशाली त्याला म्हणाली, "मग आम्ही आउटसाइडच खातो!"

पार्किंगच्या कडेला गवत होतं. तिथं चटई टाकली. आतून लाउडस्पीकर ऐकू येत होता, लोक ओरडत होते, मॅच केव्हाच सुरू झाली होती. आम्ही आपले वाढून घेत होतो. आबांनी दुसऱ्यांदा भात मागितला, म्हणजे घाई करायचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात आत मोठा आवाज झाला आणि आकाशातून काहीतरी पांढरं खाली आलं. आधी एका व्हॅनच्या टपावर, तिथून उडून आमच्या चटईवर, आणि तिथून थेट कोशिंबिरीच्या भांड्यात!

मॅचचा बॉल. फलंदाजानं तिरपा मारलेला, बाकांवरून उडून बाहेर आलेला. बॉल हाती लागावा म्हणून लोक आत वर्षानुवर्षं हातमोजे घालून बसतात.

ऋचा नाचायलाच लागली. प्रकाशनं बॉल उचलला, त्यावरचं दही पुसलं आणि गंभीरपणे सगळ्यांकडे पाहिलं.

"आता आत जाऊन काय करायचं आहे?"

*

रविवारी मॅच संपली की लहान मुलांना मैदानात सोडायचे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. त्यांना एकेक करून शिवत पूर्ण फेरी मारायची आणि सुरुवातीच्या जागी परत यायचं. इतकं सोपं!

ऋचा तेव्हा सात-आठ वर्षांची. रांगेत उभी राहून हात हलवत होती. आबा मात्र भलतेच तणावात. आबा साताऱ्याच्या शाळेत पीटीचे मास्तर होते. मूल पळणार म्हटलं की त्यांना बसवतच नसे. ते कुंपणाला जाऊन भिडले.

ऋचा सुटली. जोरात पळाली. पहिल्या बेसला पाय लागला, आणि आबांच्या अख्ख्या आयुष्यातलं क्रिकेट उसळून वर आलं. मैदानभर घुमेल अशा आवाजात ते ओरडले, "परत फिर! दुसरी घे!"

ऋचाला बेसबॉलपेक्षा आबांवर जास्त विश्वास. ती गर्रकन वळली आणि आली तशी परत पळाली. समोरून येणारी पोरं गोंधळून थांबली. काही तिच्या मागे उलटी पळायला लागली. लोकांना हसवायला टीमनं ठेवलेला, वाघाचा पोशाख घातलेला माणूस डोक्याला हात लावून खालीच बसला!

ऋचा धापा टाकत आमच्याजवळ आली. "आबा, आय वॉज द ओन्ली वन हू डिड दॅट!"

"मग!" आबा म्हणाले. "दोन रन झाल्या. बाकीच्यांची एकसुद्धा नाही."

*

मॅचच्या आधी राष्ट्रगीत व्हायचं. आपल्याकडे थिएटरात लागतं तसं. सगळे उठायचे, टोप्या काढायचे, हात छातीशी न्यायचे.

आबा पहिल्यांदा आले त्या उन्हाळ्याची गोष्ट. न्यू यॉर्कचे ते मनोरे पडून फार काळ झाला नव्हता. आमच्यासारख्या रंगाच्या माणसाला गर्दीत मोठ्यानं काही बोलायची भीती वाटायची. दुकानात, विमानतळावर आम्ही आपसात मराठी बोलतानाही आवाज उतरवायचो. कोणी सांगितलं नव्हतं, पण उतरायचा.

आमच्या पुढच्या बाकावर एक भक्कम माणूस उभा होता. बारीक कापलेले केस, दंडावर गरुड गोंदवलेला.

एका शाळकरी मुलीनं राष्ट्रगीत म्हटलं. फार सुरेल म्हटलं. आबा सावधानमध्ये उभे, हनुवटी वर, मुठी मांड्यांना चिकटलेल्या. गाणं संपलं. टाळ्या पडायच्या आधी क्षणभर शांतता असते ना, नेमकी त्या शांततेत, तीस वर्षांची सवय आबांच्या तोंडून बाहेर पडली.

"जय हिंद!"

कवायतीच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज. संजयनं डोळेच मिटले. मी ऋचाचा हात घट्ट धरला. आजूबाजूची डोकी वळली.

पुढचा माणूस सावकाश वळला. त्यानं आबांकडे पाहिलं. आबा अजून सावधानमध्येच. त्यानं त्यांच्या ताठ मानेकडे पाहिलं, मुठींकडे पाहिलं, बुटांच्या जुळलेल्या टाचांकडे पाहिलं.

"यू टू, सर," तो म्हणाला आणि बसला.

टाळ्या सुरू झाल्या. मी ऋचाचा हात सोडला.

आबा ओठ न हलवता संजयला म्हणाले, "आता बसायचं का?"

*

एका उन्हाळ्यात संजयची नोकरी गेली. शुक्रवारी दुपारी तो खोका घेऊन घरी आला. व्हिसा नोकरीवर, घराचे हप्ते नोकरीवर, सगळंच नोकरीवर. पुढे महिनाभरात दुसरी मिळाली, व्हिसा वाचला, ते सगळं झालं. पण त्या शुक्रवारी ते कुठं माहीत होतं? आबांना आणि ऋचाला इतक्यात सांगायचं नाही असं आम्ही किचनमध्ये कुजबुजत ठरवलं.

शनिवारची तिकिटं आधीच काढलेली होती. कॅन्सल केलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. गेलो.

बॉल टाकणारा आपला पिचर त्या दिवशी पार फुटला. टाकेल तो बॉल कुंपणाकडे जात होता. शेवटी टीमचा मॅनेजर मैदानात चालत आला आणि त्यानं हात पुढे केला. पिचरनं बॉल त्याच्या हातात ठेवला. एवढंच असतं ते. बॉल दिला की त्याचा खेळ संपला. मग तो पोरगा मान खाली घालून एवढं मोठं मैदान ओलांडत एकटा निघाला.

लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा हॉट डॉग खायला लागले. संजय उठून उभा राहिला. वाजवतच राहिला. पोरगा आत दिसेनासा झाला तरी हा एकटा उभा आणि टाळ्या वाजवतोय.

"बाबा, ही वॉज टेरिबल!" ऋचा त्याचा शर्ट ओढत म्हणाली. "व्हाय आर यू क्लॅपिंग?"

"उद्या परत यायचंय ना त्याला," संजय म्हणाला.

आबा शेंगा सोलत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे झुकून, ऋचाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "कधी गेली गं याची नोकरी?"

*

आणि टायलर.

या टीममधल्या पोरांची कमाई अगदी बेताची, त्यामुळे उन्हाळ्यापुरती ती गावातल्या कुटुंबांकडे राहायची. एका वर्षी आम्हीही नाव दिलं. आमच्या बेसमेंटमध्ये नेब्रास्काचा टायलर राहायला आला. घरची मक्याची शेती, बोलणं कमी, वरणाला "यलो सूप" म्हणायचा आणि वाडगा भरून प्यायचा. पिचर होता.

त्याची आणि आबांची जी जमली, ती कशी जमली हे देवच जाणे. आबांचं इंग्रजी "थँक्यू", "व्हेरी गुड" आणि "नो शुगर" एवढ्यावर थांबलेलं. टायलरला मराठी शून्य. पण सकाळी मागच्या डेकवर आबा सूर्यनमस्कार घालायला लागले, की हा शेजारी येऊन उभा राहायचा. त्याचा उजवा खांदा दुखायचा. आबा तिळाचं तेल कोमट करून चोळून द्यायचे. एकजण मराठीत बोलायचा, दुसरा इंग्रजीत, आणि दोघंही अधूनमधून मान डोलवायचे.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी त्याला टीमनं सोडलं. तो किचनच्या दारात उभा राहून म्हणाला, "त्यांनी मला रिलीज केलं. सोमवारी घरी जातोय." आणि हसला. मी म्हटलं, बस, काहीतरी खा. तो म्हणाला, भूक नाही.

रविवारच्या मॅचची तिकिटं आमच्याकडे होती. त्यालाच बघायला काढलेली. मी म्हटलं, आपण नको जाऊ या.

"नाही, जाऊ ना," टायलर म्हणाला. "मी इथली मॅच कधी बाकांवर बसून बघितलीच नाही."

गेलो. त्यानं संजयची जुनी टोपी घातली होती, डोळ्यांपर्यंत ओढलेली. सलग जागा मिळाल्या नाहीत. तो आणि आबा पुढच्या बाकावर, आम्ही तिघं मागे. मैदानात एक नवा पोरगा बॉल टाकत होता. त्याच्या पाठीवर टायलरचा नंबर होता.

ऋचानं ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती पुन्हा मैदानाकडे बघायला लागली.

थोड्या वेळानं टायलर बोलायला लागला. आबांशी. हळू आवाजात, नजर समोर ठेवून. आम्हाला शब्द पोचत नव्हते. आबांचीही नजर समोरच. हा बोलतोय, ते ऐकतायत. खेळ पुढे सरकत होता, लोक उठत होते, ओरडत होते, आइस्क्रीमवाला दोनदा येऊन गेला. टायलर बोलतच होता. आम्ही त्याला उन्हाळाभरात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मध्येच त्याचा आवाज थांबला आणि पाठ हलायला लागली. आबांनी त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. थोपटलं वगैरे नाही. नुसता ठेवला. मग आबांनीही काहीतरी सांगितलं, चांगलं लांबलचक, मराठीत. टायलरनं ते सगळं ऐकून घेतलं. टोपी काढून तोंड पुसलं. "येस, सर," म्हणाला.

पुढे नव्या पोरानं एका फलंदाजाला बाद केलं, तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर टायलर बाकीच्या पोरांना भेटायला आत गेला. आम्ही गाडीपाशी थांबलो. ऊन कललं होतं, पार्किंग रिकामं होत चाललं होतं. आबा पुढच्या सीटवर बसून बेल्ट लावत होते.

संजयला राहवेना. "आबा, एवढा वेळ काय सांगत होता तो तुम्हाला?"

आबांनी बेल्ट खटकन बसवला.

"ते त्यानं मला सांगितलंय," ते म्हणाले.