ईश्वरदासची दोन फुटी नाली

अर्जुनी मोरगावच्या बाजारातली दोन फुटी नाली ईश्वरदासने आखली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा तो बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. खात्याच्या तक्त्यात तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस दिला होता, त्यावरून त्याने माप काढलं. वीस-बावीस वर्षं नाली कधी तुंबली नाही. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र तिचं पाणी दुकानांत शिरू लागलं. नालीच लहान बांधली, असं लोक म्हणू लागले, तेव्हा निवृत्त ईश्वरदासला ते फार लागलं.

मग नवी नाली मंजूर झाली आणि ती आखायला नीतू आली, सव्वीस वर्षांची इंजिनिअर. ईश्वरदास रोज सकाळी चुन्याच्या खुणा बघायला जाई. साडेतीन फूट!

"वर्षाचा पाऊस तर तेवढाच आहे," तो एकदा म्हणाला. "मंग एवढी रुंद कायले?"

"वर्षाचा तेवढाच आहे, काका. पण दिवसभराचं पाणी आता तासा-दीड तासात पडून राहिलं. नवं यंत्र दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवते, त्यात दिसते. तुमच्या वेळी तुमचं माप बरोबरच होतं."

हे शेवटचं वाक्यच त्याला झोंबलं. त्याने उभी नोकरी सकाळी साडेआठला काचेच्या मापात पाणी ओतून पाऊस मोजला होता. हिला सगळं आयतं मिळालं, आणि वर मोठेपणाही.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. नाली रस्ता ओलांडते तिथली, रस्त्याखालून पाणी नेणारी मोरी नकाशात चार फुटी होती. प्रत्यक्षात फरशा वेळेवर आल्या नाहीत म्हणून ईश्वरदासने दोन फुटी पाइप टाकला होता, आणि नकाशा कधी सुधारला नव्हता. तिची रुंद नाली तिथे अडणार होती. आठ दिवस तो गप्प राहिला. अडू दे, असंच त्याला वाटत होतं.

नवव्या दिवशी चहावाला सुकराम म्हणाला, "बाईले सगळं समजते. आधी असं कोणी आलंच नाई."

"मोरी समजली का तिले?" ईश्वरदास ताडकन बोलला. "कागदावर चार फूट आहे. खाली दोन फुटी पाइप आहे. मीच टाकला."

बोलल्यावर त्याला कळलं, आपण काय कबूल केलं ते. तोवर सुकरामने तिथूनच नीतूला फोन लावला होता.

दुसऱ्या दिवशी रस्ता खोदला. पाइप निघाला.

"अजून असं काही आहे का, काका?" नीतूने एवढंच विचारलं.

"नाई."

ऑगस्टमध्ये तासाभरात ब्याऐंशी मिलिमीटर पाऊस झाला. पाणी काठापर्यंत चढलं आणि पाइपाच्या जागी बांधलेल्या नव्या मोरीतून निघून गेलं. बाजार कोरडा राहिला. सुकरामने नीतूला चहा पाजला, लोकांनी तिचं कौतुक केलं. मोरीचं नाव कोणी काढलं नाही. ईश्वरदास समोरच्या पायरीवरून बघत होता.

पुढच्या आठवड्यात तिने दुसऱ्या वस्तीच्या नालीचा नकाशा त्याच्या घरी पाठवला, एकदा बघून द्या म्हणून. दोन दिवस त्याने गुंडाळी उलगडली नाही. तिसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसला, तो चूक शोधायलाच. दुपारपर्यंत एकही सापडली नाही. त्याला जेवण गेलं नाही.